नायकाची शिफ्ट

संपादकांचं पत्र आलं तेव्हा मी अंगणात खाटेवर मिरच्या वाळत घालत होते. त्यांना पुढच्या अंकासाठी पंधरा पानांची प्रेमकथा हवी होती. शेवटी लिहिलं होतं, "या वेळी नायक नवा हवा. आपले मागचे तिन्ही नायक एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. आपण कारखान्याच्या गावी राहता, तर तिथलाच एखादा माणूस आणा की." एरवी मला हे झोंबलं असतं आणि मी उलट टपाली दोन बोचरी वाक्यं पाठवली असती. जीभ तिखट आणि लेखणी तिच्याहून तिखट, असा माझा माहेरी लौकिक होता. पण त्या दिवसांत मला काहीच झोंबत नव्हतं. मी पत्र उशाखाली सरकवलं आणि उरलेल्या मिरच्या पसरल्या.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती आणि आम्ही सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. पुढे मेंदीचं कुंपण, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. मी नागपूरची, वडील टपाल खात्यात कारकून. नवरा भंडाऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरचा, पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलवर ऑपरेटर. लग्नाला चार वर्षं झाली होती. कॉलेजपासून मी मासिकांतून कथा लिहीत असे, आणि माझी एकही कथा नवऱ्यानं वाचलेली नव्हती. मला त्याचं वाईट वाटत नसे, कारण मीही त्याची मिल पाहिलेली नव्हती.

पाच महिन्यांपूर्वी आम्हाला मुलगी झाली होती. सातव्या महिन्यातच झाली. मी तापानं फणफणलेली वरच्या मजल्यावर बायकांच्या वॉर्डात, ती खाली पोरांच्या वॉर्डात काचेच्या पेटीत. चार दिवस जगली आणि पाचव्या दिवशी पहाटे गेली. मी तिला दोनदा पाहिलं. झाल्या झाल्या एकदा, टोपडं घालून गुंडाळलेली, आणि शेवटी एकदा, तशीच गुंडाळलेली.

त्या चार दिवसांत नवरा सकाळी भेटीच्या वेळेला यायचा, खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि एक वाजला की "निघतो" म्हणायचा. त्याचा सेकंड शिफ्टचा हप्ता चालू होता, दुपारी दोन ते रात्री दहा. पाचव्या दिवशी मला दवाखान्यातून घरी सोडलं. तो आणि नंदिनी नगरहून आलेले त्याचे मोठे भाऊ मुलीला शिवनाथ नदीच्या काठी मातीत ठेवून आले. आल्यावर त्यानं अंगणातल्या नळाखाली आंघोळ केली, कपडे बदलले आणि शेजारच्या काकूंना विचारलं, "काकू, डबा देता काय भरून? सेकंडले जातो." काकूंनी डबा भरला. त्यानं तो सायकलच्या हँडलला अडकवला आणि तो गेला. मी खिडकीतून पाहत होते.

मी त्याच्यावर ओरडले नाही की रडले नाही. फक्त त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतं बोलायचं, असं ठरलं. ठरवलं म्हणावं असंही काही झालं नाही, ते आपोआप झालं. जेवायला वाढलंय, साबण संपलाय, गव्हाला उन्हं दाखवायला हवीत. इतकं बोलून संसार चालतो, हे मला तेव्हा कळलं.

आणखी एक गोष्ट बंद पडली. आमच्या ओळीतल्या सगळ्या बायका स्वयंपाकघराच्या दारामागे खडूनं नवऱ्याची त्या हप्त्याची शिफ्ट लिहून ठेवत. फर्स्ट, सेकंड, नाईट, आणि खाली ऑफचा वार. कुणाकडे बारसं असो की वास्तुशांत, आधी दारामागे बघायचं आणि मग दिवस ठरवायचा. मीही चार वर्षं लिहीत आले होते. पाचव्या दिवसानंतर मी ते लिहायचं सोडलं. तो घरी असला की असे, नसला की नसे. कधी येतो आणि कधी जातो याचा हिशोबच मी डोक्यातून काढून टाकला.

मी बाबांना लिहिलं होतं की मला आता इथे राहायचं नाही. बाबांचं पोस्टकार्ड आलं. ते पोस्टकार्डाशिवाय काही वापरत नसत. इतकी कार्डं डोळ्यांखालून जातात की कुणाचं कुणी वाचत नाही, असा त्यांचा नोकरीतला अनुभव होता. त्यांनी लिहिलं, "वरची खोली झाडून ठेवली आहे. केव्हाही ये, कायमची ये." ते कार्ड नवऱ्यानंच फाटकापाशी पोस्टमनकडून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. तो दुसऱ्याची पत्रं वाचणारा माणूस नव्हे, असं मी धरून चालले होते. मी बाबांना उलट कळवलं, एक कथा कबूल केली आहे, ती झाली की येते. त्यांचं पुढचं कार्ड एका ओळीचं होतं, "कथा झाली की ये, घाई नाही."

एवढ्या मोठ्या निर्णयाला पंधरा पानांची मुदत का लावली, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा वाटलं, कबूल केलेलं काम उरकून निघावं. नवऱ्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

आता नायक तयार करायचा होता. कागद आणायला मी कॅम्प-१ च्या बाजारात गेले आणि तिथे पुरुष बघत हिंडले. चारचौघात सांगायला हे बरं वाटत नाही, पण प्रेमकथा लिहिणाऱ्यांना ते करावंच लागतं. कापडाच्या दुकानातल्या एका माणसाचं मनगट घेतलं. मीटरपट्टीवर कापड सरकवताना ते छान वळत होतं. बसच्या कंडक्टरचा आवाज घेतला. केस मागच्या कथेतले उरले होते, कपाळावर येणारे, तेच चढवले. उंची मी नेहमी देते तीच दिली. घरी येऊन सात पानं लिहिली आणि नायक काही केल्या श्वास घेईना. बोलायचा छान, खिडकीशी उभाही छान राहायचा. माझे सगळेच नायक खिडकीशी फार उभे राहत. पण हा तिथून हलेना. मलाही त्याची काही पडली नव्हती. दिवसाला एक पान या हिशोबानं मी त्याला पुढे ढकलत होते.

माझी पहिली वाचक शेजारच्या काकू. भंडाऱ्याच्याच, चौथीपर्यंत शिकलेल्या, पण पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकणाऱ्या. एका दुपारी त्या अंगणात बसून माझी सात पानं वाचत होत्या. नवरा पेरूखाली सायकल उलटी करून चेन बसवत होता. काकू वाचता वाचता थांबल्या.

"काय वं, हा कामाले कुठं जाते?"

"प्लांटमध्ये," मी म्हटलं. "कामगार आहे."

"मंग हा महिनाभर रोज पाच वाजता बसस्टॉपवर कसा उभा राहते तिच्यासाठी?"

मी म्हटलं, ड्यूटी सुटल्यावर येतो.

"फर्स्टचा एक हप्ता येईन. सेकंडच्या हप्त्यात पाच वाजता हा आत असन. नाईटच्या हप्त्यात झोपून असन. याले ड्यूटीच नाई. बिनानोकरीचा दिसते मले." त्यांनी पानं माझ्या मांडीवर ठेवली. "पोरीचा बाप नाई देणार."

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांच्या गावात चार वर्षं राहून मी ही चूक केली होती. आमच्या ओळीतल्या सहा वर्षांच्या पोरीनंही ती केली नसती. काकू हसत होत्या. तेवढ्यात पेरूखालून आवाज आला.

"कोन्या शॉपचा हाय तो?"

नवऱ्यानं आपणहून मला काही विचारावं, असं कित्येक दिवसांत झालं नव्हतं. मी म्हटलं, प्लांटमधला विभाग अजून ठरवला नाही.

"ऑफ कोन्या दिवशी हाय?"

"कुठल्याही दिवशी."

"कुठल्याही दिवशी ऑफ नसते," तो म्हणाला. हात फडक्याला पुसले, आत गेला आणि जुन्या कॅलेंडरचं एक पान घेऊन आला. पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं पट्टीनं रेघा मारल्या, पाच हप्त्यांच्या. काकूंनी जरा वेळ बघितलं आणि पोरं शाळेतून येतील म्हणून त्या घरी गेल्या. नवरा पेन्सिल कानावर ठेवून माझ्याकडे बघत होता. "भेट कवा करायची तुले त्यायची? पहिली?"

त्यानं माझ्या नायकाला रोलिंग मिलवर लावलं, गुरुवारचा ऑफ दिला, आणि पहिली भेट फर्स्टच्या हप्त्यात बसवली. दुसरी भेट पंधरा दिवसांनंतर, कारण मधे सेकंड आणि नाईट होत्या. "तवापर्यंत ती पोरगी वाट पाहीन ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, पाहील. त्यानं त्या घरात फुली मारली.

त्यानंतर तो रोज घरी आला की जेवताना विचारायचा, "कुठवर आला तो?" मिलमध्ये नवा माणूस लागला आणि त्याला काम शिकवायचं आहे, अशा थाटात विचारायचा. मी सांगायची. तो हरकती काढायचा, आणि त्या हरकतींना अंत नव्हता. पायात चप्पल कशी, सेफ्टी शूज पाहिजेत, आणि ते घालून कोणी पळत पळत बस पकडत नाही. कपाळावर केस कसे, हेल्मेटखाली केस बसून जातात. मिलमधून निघालेल्या माणसाला सेंटचा वास येत नाही. एक हरकत मिटवली की दुसऱ्या दिवशी दुसरी तयार असे. नेहमीचा एक पानाचा हिशोब कोलमडला. एकेक पान मी तीनतीनदा लिहू लागले. पंधरा दिवसांत संपवायची कथा महिना खाऊन गेली.

मला त्यात आनंद होत होता असं नाही. सरळ सांगायचं तर मला काहीच होत नव्हतं. तो माझ्याशी बोलत नव्हता, त्या नायकाबद्दल बोलत होता, आणि मीही नायकाबद्दलच उत्तरं देत होते. फक्त एकदा तो म्हणाला, "याच्या हातावर एखादा चटका दाखव, मिलवाला हाय तर पाहिजेच," आणि मी सहज त्याच्या हाताकडे पाहिलं. मनगटाच्या वर बोटभर लांब डाग होता, बरा होऊन काळा पडलेला.

"हा केव्हाचा?" मी विचारलं.

"दिवाळीच्या हप्त्यातला."

दिवाळी होऊन तीन महिने झाले होते. मी त्या हातात रोज ताट देत होते. मी कापडवाल्याचं मनगट खोडलं आणि तिथे डाग लिहिला.

बाराव्या पानाशी आल्यावर मी एक गोष्ट मुद्दाम केली. आज कबूल करते, दुष्टपणानं केली. प्रेमकथेत नायकाची कसोटी लागावी लागते, म्हणून नायिकेला आजारी पाडलं आणि दवाखान्यात टाकलं. नायक वॉर्डाबाहेर चार दिवस बसून राहतो. पाचव्या दिवशी त्याला ड्यूटीवर जायची वेळ येते आणि तो जात नाही. "माझं माणूस इथे आहे," असं म्हणून तो डबा बाजूला ठेवतो. ते दोन परिच्छेद मी एका बैठकीत लिहिले, कुठेही खाडाखोड न करता. जाण्याआधी एकदा त्याला वाचायला लावायचं होतं, पुरुषानं काय करायला हवं होतं ते. तोंडानं मी ते कधी म्हटलं नसतं.

दुपारी अडीचला तो फर्स्टहून आला. जेवण झाल्यावर मी पान त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं सावकाश वाचलं. मग कॅलेंडरचं पान उघडून त्यावर बोट फिरवत बसला. मी समोर उभी होते. मला त्याचा चेहरा पाहायचा होता.

"चार दिवस बसला, थे बराबर हाय," तो म्हणाला. "पाचव्या दिवशी याले ड्यूटीवर पाठव."

"कावून?" मी विचारलं. त्याची बोली माझ्या तोंडून अशी क्वचितच निघे.

"चार दिवस याच्या जागेवर कोन उभं होतं?"

"कथेत असलं कोणी विचारत नाही."

"मिलमधी विचारते. रिलीव्हर आल्याबिगर जागा सोडता येत नाई. फर्स्टवाला दोन वाजता याची वाट पाहते. हा आला नाई तर त्यालेच दहापर्यंत उभं राहा लागते. डबल. सकाळी सहा ते रात्री दहा. चार दिवस त्यानं याच्यासाठी डबल मारली. आता पाचव्या दिवशी पुन्हा उभं ठेवशीन काय त्याले? त्याच्या पायात गोळे आले होते. तो बी मानूसच हाय."

"मग यानं रजा घ्यायची."

"रजा भरून ठेवली होती," तो म्हणाला. तो पानाकडेच बघत होता. "पुढची. पूर्ण महिन्याची. तुमी दोघी घरी याल म्हणून."

तो पेन्सिलीनं त्या पाचव्या घराभोवती रेघ गिरवत होता, एकदा, दोनदा, पुन्हा.

"तुम्ही कुठे होता ते चार दिवस?" मी विचारलं.

"खालीच. पोरायच्या वॉर्डाच्या पायरीवर."

"मला म्हणायचात, निघतो."

"वर बाप्यायले एकपर्यंतच राहू देत. मंग खाली जाऊन बसो."

"मला सांगितलं का नाही?"

"तुले ताप होता," तो म्हणाला. "अन् मंग तू बोलेच ना."

अशा वेळी माणूस रडतो, निदान माझ्या कथांतली माणसं रडतात. मला आठवलं ते एवढंच की स्टोव्हवर दूध ठेवलंय. मी जाऊन ते उतरवलं. साय धरली होती, ती वाटीत काढली आणि वाटी झाकली. परत आले तर तो खाटेवर पाठ फिरवून झोपला होता, किंवा झोपल्यासारखा पडला होता. मी बाराव्या पानावर काट मारली. नायकानं डबा हँडलला अडकवला आणि तो पाचव्या दिवशी दोन वाजता मिलच्या दारातून आत गेला. एवढंच लिहिलं. का गेला, ते फर्स्टवाल्याच्या तोंडून दोन वाक्यांत सांगितलं.

पंधरा पानं झाली. कथा पाठवली. बाबांना लिहिलं, पाठवली आहे, पसंतीचं पत्र आलं की निघते. निघायचंच होतं. त्या दुपारी जे कळलं त्यानं मला राग सोडता आला, पण रागाच्या खाली दुसरं काही असेल म्हणावं तर तिथे काहीच सापडेना. सहा महिने ज्या एका गोष्टीला धरून मी उभी होते ती खोटी निघाली होती. त्यानं बरं वाटायला हवं होतं. मला नुसतं रिकामं वाटत होतं. मी पेटी काढून पुसून ठेवली. नवऱ्यानं पाहिली, आणि ती का काढली हे विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी संपादकांचं पत्र आलं. नायक त्यांना आवडला होता. "हा माणूस मी पूर्वी वाचलेला नाही," असं त्यांनी लिहिलं होतं, आणि त्या गृहस्थांच्या मानानं हे फारच झालं. पाचव्या दिवसाचंही त्यांना पटलं होतं. "मात्र चार दिवस पायरीवर बसून तो काय पाहतो, हे आपण लिहिलेलं नाही. ती जागा पोकळ वाटते. तेवढं एक पान घाला आणि कथा परत पाठवा. मग ती झालीच."

बाकी सगळं मी बाजारातून उचलून आणू शकले असते. हे पान आणता येण्यासारखं नव्हतं. मी तास दीड तास कोरा कागद घेऊन बसले. मग मागच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याचा ऑफ होता. त्याचा खरा ऑफ गुरुवारी नव्हे, मंगळवारी असायचा. नायकाला त्यानं गुरुवार दिला होता, कारण गुरुवारचा ऑफ मिळावा म्हणून तो दोन वर्षं अर्ज करत होता. सकाळची दहाची वेळ, तो पेरूच्या आळ्यात पाणी सोडत होता.

"संपादकांनी विचारलंय," मी म्हटलं, "पायरीवर बसून तो काय बघत होता."

तो नळी धरून तसाच उभा राहिला. पाणी आळ्याबाहेर जाऊ लागलं.

"तिथून काच दिसे," तो म्हणाला. "एक सिस्टर होती, केरळची. लय चांगली. दिवसातून दोन डाव मले काचेपाशी बोलावे. एक डाव तिनं टोपडं काढून दाखवलं. लय केस होते डोक्यावर. काळे, ओले असल्यावानी."

"केस होते?" मी विचारलं.

"लय. मानेपर्यंत आले होते. अन् झोपे तवा डावा हात वर ठेवे, असा, कानापाशी." त्यानं नळी खाली टाकली आणि हात करून दाखवला. "पायाचं एक बोट दुसऱ्यावर चढलेलं होतं, माह्या मायचं हाय तसं. मी म्हनलं, बुढीले सांगीन. एक डाव जांभई दिली. येवढंसं तोंड, अन् केवढी मोठी जांभई."

मी तिथेच ओल्या मातीत बसले. सात महिन्यांत मला पहिल्यांदा दुखलं. कुठे ते सांगता येत नव्हतं, सगळीकडेच दुखत होतं, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघत होता तो ऐकून काकू कुंपणाशी आल्या आणि काही न विचारता परत गेल्या. तो माझ्याजवळ खाली बसला. मी म्हटलं, अजून सांगा. त्याच्याकडे आणखी थोडंच होतं. चार दिवसांत, दिवसातून दोनदा, काचेतून जितकं दिसतं तितकंच. ते त्यानं सगळं सांगितलं, आणि मी विचारलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नळ मात्र आम्ही दोघंही बंद करायला विसरलो होतो.

ते पान मी लिहिलं. केस, हात, चढलेलं बोट, जांभई. वाचून पाहिलं आणि कळलं की हे त्या नायकाला देता येणार नाही. माझ्याकडे तेवढंच होतं. घडी करून ते पेटीत ठेवलं आणि पेटी खाटेखाली सरकवली. संपादकांना कळवलं की मागितलेलं पान होणार नाही. त्यांनी कथा साभार परत केली. नायक चांगला होता, असं खाली हातानं लिहिलं होतं.

पुढच्या सोमवारी मी दोन कामं केली. स्वयंपाकघराच्या दारामागे खडूनं लिहिलं, सेकंड, ऑफ मंगळवार. मग बाबांना कार्ड लिहिलं. "कथा काही पूर्ण होत नाही. वरची खोली कुणाला द्यायची असेल तर द्या, माझी वाट पाहू नका." नवरा निघायच्या तयारीत होता. मी डबा त्याच्या हातात दिला आणि वर कार्ड ठेवलं, वाटेत टपालपेटीत टाका म्हणून.

त्यानं डबा हँडलला अडकवला. सायकल फाटकापर्यंत नेली, तिथे उभं राहून कार्ड उलटं केलं आणि वाचलं. अगदी माझ्यासमोर, लपवालपवी न करता, एकेक शब्द वाचला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांची सगळी कार्डं घरात त्याच्याच हातून आली होती. कायमची ये, तेही. कथा झाली की ये, तेही.

"म्हणजे गोष्ट नाई झाली ना पुरी?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मी बी लय हरकती काढल्या," तो म्हणाला. त्यानं कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं, वर बटण लावलं आणि तो सेकंडला गेला.